९८ टक्के पतंग काळे, मग अलील किती?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. १८९५ साली मँचेस्टर भागातले ९८ टक्के पेपर्ड मॉथ जातीचे पतंग काळे होते, असं तिच्या पुस्तकात आहे. तिने काळ्या अलीलचं प्रमाण ०.९८ लिहिलं आणि बाईंनी चूक दिली. चुकलं कुठे? आणि अशा आकड्यावरून उत्क्रांती कशी कळते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिने पतंग मोजले, मोजायचे होते अलील, म्हणजे रंग ठरवणाऱ्या जनुकाचे काळा आणि फिका हे दोन प्रकार. बारावीला शिकवताना हुशार मुलंही मी इथेच अडखळताना पाहिली आहेत, तेव्हा तिला रागावू नका.

प्रत्येक पतंगाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. काळा रंग प्रभावी. एकच प्रत काळी असली तरी पतंग काळा दिसतो. पांढुरका व्हायला दोन्ही प्रती फिक्या लागतात. म्हणून हिशेब उरलेल्या २ टक्क्यांपासून धरायचा. ०.०२ चं वर्गमूळ ०.१४. फिकं अलील १४ टक्के, काळं ८६.

वर्गमूळ का, हे घरीच बघा. डब्यात ८६ लाल आणि १४ पांढऱ्या चवळ्या घ्या. (राजमा नको, बोटांना आकार कळतो.) न बघता एक काढा, रंग लिहा, परत टाका, पुन्हा एक काढा. ही जोडी म्हणजे एक पतंग. अशा शंभर जोड्यांत दोन्ही दाणे पांढरे साधारण दोनदाच येतील; एक लाल, एक पांढरा मात्र चोवीसेक वेळा! म्हणजे जवळजवळ पाव पतंग दिसायला काळे, पण पोटात फिकं अलील घेऊन फिरणारे. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर ब्रिटनमधला, झाडांची खोडं काळी करणारा धूर कमी होत गेला आणि पांढुरके पतंग पुन्हा वाढले. त्यांचं अलील कधी संपलंच नव्हतं.

एका वर्षाच्या आकड्यावरून उत्क्रांती कळत नाही, दोन काळ ताडून बघावे लागतात. मँचेस्टरमध्ये काळ्या पतंगाची पहिली नोंद १८४८ ची. तेव्हा शंभरात एक काळा होता असं धरलं, तर काळं अलील ०.००५ येतं. तिथून ०.८६, तेही पन्नासहून कमी पिढ्यांत, कारण यांची पिढी वर्षाची. हा बदल म्हणजेच उत्क्रांती.

एक मात्र आहे. हार्डी आणि वाइनबर्ग यांची ही १९०८ ची रीत जोड्या स्वैर जमतात आणि सगळे सारखेच जगतात, असं धरून चालते. इथे तर काजळलेल्या खोडांवरचे पांढुरके पतंग पक्षी वेचून खात होते. म्हणून मुलीला ०.१४ च्या आधी ‘सुमारे’ लिहायला सांगा.