ग्रीन कार्डचा अर्ज आत गेला, तरी एच-१बी सोडू नकोस

प्रिय मित्रा,

आय-४८५ची, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रीन कार्डच्या अर्जाची, पावती आली, पाठोपाठ ईएडी (त्या अर्जावर मिळणारं कामाच्या परवान्याचं कार्ड) आणि ॲडव्हान्स पॅरोलही (देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) आलं, आणि आता एचआर विचारतंय की एच-१बी (कंपनीच्या अर्जावर मिळणारा नोकरीचा व्हिसा) वाढवायचा की ईएडीवरच काम चालू ठेवायचं. वाढवायला सांग. ईएडीवर गेलं की कंपनीचे वकिलाचे आणि अर्जाचे पैसे वाचतात, म्हणून प्रश्न असा सहज विचारला जातो. त्याचे परिणाम मात्र कंपनीला नाही, तुला भोगावे लागतात.

प्रलंबित आय-४८५ हे स्टेटस नाही. निर्णय होईपर्यंत देशात राहू देण्याची ती मुभा आहे. अर्ज फेटाळला गेला की मुभा संपते, आणि तिच्यावर मिळालेल्या ईएडीचा आधारही जातो. एच-१बी त्या अर्जावर टेकलेला नाही. कंपनीने तुझ्यासाठी केलेल्या एच-१बी अर्जाची, म्हणजे पिटिशनची, मुदत असेपर्यंत नोकरी चालू राहते, आणि इथेच राहून फेरविचार मागता येतो किंवा नवा अर्ज भरता येतो. फेब्रुवारी २०२५पासून युएससीआयएसचं (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारं खातं) धोरण आणखी कडक झालंय: अर्ज फेटाळल्यावर ज्याच्याकडे दुसरं स्टेटस उरत नाही, त्याला इमिग्रेशन कोर्टात हजर होण्याची नोटीस काढायची.

सगळे कागद चोख असताना अर्ज फेटाळतील कशाला, असं तुला वाटेल. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं. पुरावे मागणारं पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि उत्तराची मुदत टळते. किंवा आय-१४०च्या (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजुरीला आणि तुझ्या आय-४८५ला १८० दिवस व्हायच्या आत कंपनी तो आय-१४० मागे घेते. शिवाय भारतात जन्मलेल्यांची रांग लांब आहे; वर्षाच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. ऑक्टोबर २०२०मध्ये रांगेच्या तारखा अचानक पुढे सरकल्या, हजारोंनी अर्ज भरले, मग तारखा मागे गेल्या आणि ते अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले. इतक्या काळात काहीतरी चुकायला भरपूर जागा असते.

ईएडीचं गणितही बदललंय. पूर्वी कार्ड पाच वर्षांचं मिळायचं, आणि नूतनीकरण अडकलं तरी ५४० दिवसांची आपोआप वाढ होती. ३० ऑक्टोबर २०२५पासून भरलेल्या नूतनीकरणांना ती वाढ नाही, आणि डिसेंबर २०२५पासून नवं कार्ड जास्तीत जास्त १८ महिन्यांचं. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवसापासून काम बंद. कंपनीची इच्छा असली तरी पगार देता येत नाही. एच-१बीची मुदतवाढ वेळेत दाखल असली तर निर्णय येईपर्यंत २४० दिवस काम करता येतं, आणि प्रीमियम प्रोसेसिंग (जादा शुल्काची जलद सेवा) घेतलं तर कामाच्या १५ दिवसांत कारवाई होते. माझ्या मते एवढा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे.

एच-१बीची कमाल सहा वर्षं संपली तरी काळजी नको. आय-१४० मंजूर असून प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुझी तारीख) करंट नसेल, म्हणजे तुझी पाळी आलेली नसेल, तर एका वेळी तीन वर्षं मिळतात; डेट करंट असेल तर एकेक वर्ष. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून दाखल करता येतं. पहिल्याच आठवड्यात एचआरच्या मागे लाग.

आता एच-१बी नकळत कसा जातो ते बघ. आय-९ फॉर्मच्या (कामाचा हक्क तपासण्याचा फॉर्म) वेळी एचआर म्हणतं, “ईएडी कार्ड अपलोड करा, सोपं पडेल.” कार्ड दिलंस की तू ईएडीवर काम करतोस अशी नोंद झाली. पासपोर्ट, आय-९४ (प्रवेशाची नोंद, कधीपर्यंत राहता येईल ती तारीख असलेली) आणि आय-७९७ (पिटिशनच्या मंजुरीचं पत्र) एवढंच द्यायचं. दुसरी वाट शनिवार-रविवारच्या कामाची. ईएडीवर केलेलं जोडकाम बेकायदा नाही, आय-४८५लाही त्याने धक्का लागत नाही, पण एच-१बी स्टेटस तिथेच मोडतं. तिसरी वाट घर बदलण्याची. एडिसनहून डॅलसला गेलास आणि काम तेच, घरूनच, तरी महानगर क्षेत्र बदललं की हलण्याआधी सुधारित पिटिशन दाखल व्हावी लागते. २०१५पासून हे स्पष्ट आहे, तरी रिमोटवाले हमखास विसरतात.

बायकोचा एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) तुझ्या एच-१बीवर टांगलेला आहे. तू ईएडीवर गेलास की तिचा आणि मुलांचा एच-४ही गेला. उलट तिने आय-४८५च्या ईएडीवर नोकरी धरली तर तिचाच एच-४ जाऊ शकतो, तुझं काही बिघडत नाही. आणि एच-४ची मुदतवाढ वेगळ्या फॉर्मवर होते, आय-५३९वर. कंपनी तुझा एच-१बी वाढवते आणि घरच्यांचा राहून जातो, असं फार घरांत होतं.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती आय-९४वर. तुझ्या पिटिशनची मुदत २०२८पर्यंत असली आणि पासपोर्ट २०२७मध्ये संपत असला, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो, आणि मग तीच तारीख खरी. आय-७९७वरच्या लांबच्या तारखेकडे बघून लोक निर्धास्त राहतात आणि मुदत टळून जाते. म्हणून प्रवासाआधी पासपोर्ट नवा करून घे, उतरल्यावर सर्वात नवं आय-७९७ दाखव, आणि घरी पोचल्यावर सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणारं खातं) साइटवरून प्रत्येकाचं आय-९४ उतरवून तारीख बघ. अधिकाऱ्याची चूक असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त होते. पासपोर्टमुळे कमी मिळाली असेल तर ती तारीख उलटण्याआधी एच-१बीची मुदतवाढ दाखल करावी लागते किंवा नव्या पासपोर्टवर बाहेर जाऊन परत यावं लागतं. रोजगारावर आधारलेल्या अर्जात शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचे स्टेटसमधले एकूण १८० दिवसांपर्यंतचे खंड माफ होतात. पण ती गाळातून निघायची सोय आहे, तिच्या भरवशावर काही आखू नये.

प्रवासाचं म्हणशील तर, पासपोर्टवर एच-१बीचा चालू व्हिसा-स्टॅम्प असेल आणि त्याच नोकरीवर परत येणार असशील तर ॲडव्हान्स पॅरोल लागत नाही. स्टॅम्प संपला असेल तर मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटची वेळ हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नकोस. डिसेंबर २०२५मध्ये एच-१बी आणि एच-४साठी सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली तेव्हा कित्येकांच्या ठरलेल्या वेळा महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या, आणि माणसं तिकडेच अडकली. अशा वेळी बॅगेतलं पॅरोलपत्र कामी येतं. त्यावर परत आलास तर तुझी नोंद एच-१बीवाला म्हणून नाही, पॅरोली (पॅरोलवर आलेला) म्हणून होते. मूळ पिटिशन चालू असेल तर त्याच कंपनीत काम करता येतं, आणि पुढची मुदतवाढ मंजूर झाली की एच-१बी परत मिळतो. मात्र पॅरोलचा पहिलाच अर्ज प्रलंबित असताना देश सोडलास तर तो पॅरोलचा अर्ज बाद होतो.

तेव्हा ईएडी आणि पॅरोल वेळच्या वेळी नवं करत राहा, फक्त वापरू नकोस. कधी कधी मात्र वापरायची वेळ येतेच. ले-ऑफ झाला तर नवी सोय करायला ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ आधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात नवी कंपनी एच-१बी दाखल करणार असेल तर उत्तम. नसेल तर खुशाल ईएडीवर रुजू हो. अर्जाला १८० दिवस झालेले असले आणि काम त्याच किंवा मिळत्याजुळत्या प्रकारचं असलं, तर सप्लिमेंट जे (नव्या नोकरीची माहिती देणारा फॉर्म) भरून ग्रीन कार्डचा अर्ज नव्या कंपनीकडे नेता येतो. कामाचं वर्णन नव्या एचआरकडून आधीच लेखी मागून घे. ईएडीवरून पुन्हा एच-१बीवर येताना एच-१बीच्या लॉटरीत (दरवर्षीची सोडत) पुन्हा उतरावं लागत नाही, पण सहसा देशाबाहेर जाऊन यावं लागतं. आणि सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेर असलेल्या माणसासाठी केलेल्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. ते भरायला कोणती कंपनी तयार होईल?

कंपनीचा वकील कंपनीचं हित आधी बघतो. ले-ऑफची कुणकुण लागली तर स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या वकिलाशी तासभर बोल. पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ (नवा पत्ता कळवण्याचा फॉर्म) भर. पोस्टाच्या फॉरवर्डिंगवर विसंबू नकोस, कार्डं बऱ्याचदा तशीच परत जातात. तुझा पासपोर्ट कधी संपतोय आणि घरातल्या प्रत्येकाच्या आय-९४वर काय तारीख आहे, ते आज रात्रीच बघून मला कळव.