अमेरिकेतल्या कॉलेज खेळांमध्ये ‘वॉक-ऑन’ म्हणजे नक्की कोण? भाच्याला एका विद्यापीठाने ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हणून अमेरिकन फुटबॉलच्या संघात बोलावलंय. स्कॉलरशिप नाही, म्हणजे तो राखीव खेळाडू का?

राखीव नाही. तो संघाचा पूर्ण सदस्य असतो. सराव तोच, व्यायाम तोच, नियमही तेच. फक्त खेळासाठीची स्कॉलरशिप नसते, त्यामुळे फीची सोय घरच्यांना करावी लागते. गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत मात्र मिळू शकते.

मोठ्या संघांचे प्रशिक्षक मुलं शाळेत असतानाच त्यांच्या मागे लागतात, घरी जाऊन आईवडिलांना भेटतात, स्कॉलरशिप देऊ करतात. याला रिक्रूट करणं म्हणतात. ज्याच्याकडे असं कुणी फिरकलं नाही आणि जो कॉलेजात आल्यावर निवड चाचणी देऊन संघात शिरला, तो अस्सल वॉक-ऑन. तुमच्या भाच्याचं तसं नाही. ‘प्रेफर्ड’ म्हणजे प्रशिक्षकाने त्याला हेरलंय आणि चाचणीशिवाय संघात घ्यायची तयारी दाखवली आहे, फक्त पैसे देऊ केलेले नाहीत.

पण स्कॉलरशिप नसलेला प्रत्येक जण वॉक-ऑन, असंही समजू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे प्रशिक्षकाने प्रवेशासाठी ज्याचं नाव पुढे केलं तो रिक्रूट, आणि आधी प्रवेश मिळवून मग संघात आलेला तो वॉक-ऑन. रोइंगच्या संघांत तर कॉलेजात येईपर्यंत वल्हं हातात न धरलेली मुलंमुलीही असतात.

फुटबॉलमध्ये अशा मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘स्काउट टीम’ येते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली सरावात हुबेहूब खेळून दाखवायच्या, आठवडाभर मार खायचा आणि शनिवारी सामना बाजूला उभं राहून बघायचा. या मुलांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यातूनच काही जण वर येतात. बेकर मेफील्ड आधी टेक्सस टेक आणि मग ओक्लाहोमा, दोन्हीकडे वॉक-ऑन होता. 2017 मध्ये त्याने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकली आणि पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सर्वांत आधी त्याचीच निवड झाली. पुढे एनएफएल गाजवणारा जे. जे. वॉट तर एका विद्यापीठातली स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला. वॉक-ऑन म्हणून सुरुवात केलेल्यांसाठी 2010 पासून बर्ल्सवर्थ ट्रॉफी हा वेगळा पुरस्कारही आहे.

मात्र अशा जागा आता घटल्या आहेत. पूर्वी वरच्या पातळीवरच्या फुटबॉल संघाला 85 स्कॉलरशिपची मर्यादा होती, पण त्यापलीकडे वॉक-ऑन भरपूर घेता येत. जून 2025 मध्ये कोर्टाने कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्याविरुद्धच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली; तिने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा दिली. ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि संघावरच 105 खेळाडूंची मर्यादा आली. खेळाडूंना पैसा मिळू लागला हे योग्यच झालं, पण त्याची किंमत या मुलांनी मोजावी हे मला पटत नाही.

म्हणून होकार कळवण्याआधी भाच्याने प्रशिक्षकांना थेट विचारावं: विद्यापीठ या तडजोडीत आहे का? 105 मध्ये माझी जागा पक्की आहे का, आणि किती काळ? गेल्या काही वर्षांत तुमच्या किती वॉक-ऑनना पुढे स्कॉलरशिप मिळाली? उत्तरं ईमेलवर मागून घ्यावीत. आणि खेळ सुटला तरी त्याच विद्यापीठात, तेवढी फी भरून शिकायची तयारी आहे का, हे घरात बसून आधी ठरवावं.