हप्ता संपला, घसारा चालूच आहे

प्रश्न: फलटणजवळ माझा एक जेसीबी आहे. 32 लाखांना नवा घेतला, चार वर्षांचं कर्ज गेल्या महिन्यात फिटलं. महिन्याला सरासरी 150 तास काम मिळतं. डिझेल, ऑपरेटर, मेंटेनन्स जाऊन 90 हजार उरतात. आधी त्यातले 68 हजार हप्त्यात जायचे, आता सगळे हातात राहतात. नुकतीच एक गॅरंटीड पॉलिसी घेतली: वर्षाला 3 लाख, 10 वर्षं भरायचे, 15 वर्षांनी 52 लाख. शिवाय 30 हजारांची एसआयपी सुरू करू का? सीए घसारा दाखवतो, त्यामुळे टॅक्सची चिंता नाही.

उत्तर: एसआयपीचं नंतर बघू. मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. घसारा म्हणजे मशीनची वापराने घटणारी किंमत. सीएने दाखवला म्हणून तो होत नसतो, मशीन चाललं की होतो.

तुमच्या अवर मीटरवर आज 7,200 तासांच्या आसपास आकडा असणार. बूमच्या पिना-बुश सैल झाल्या असतील, होजपाइप वरचेवर फुटत असतील. 12,000 तासांना मशीन 10 लाखांना विकलं जाईल असं धरा. म्हणजे 22 लाख झिजणार, तासाला साधारण 185 रुपये. खाणीचा मालक जितका दगड उपसला तितकी खाण खर्ची टाकतो, तसंच हे तासांवर मांडायचं. महिन्याला 27-28 हजार झाले. तुमचा नफा 90 नाही, 62 हजार आहे. हप्ता होता तोवर मुद्दल फिटत होतं, म्हणून ही झीज आपोआप भरून निघत होती. आता ती भरणारं कुणी नाही.

सीएचा आकडाही काल्पनिक नाही. आयकरात अशा मशीनला दरवर्षी घटत्या किमतीवर 15 टक्के घसारा मिळतो. सात वर्षांनी, म्हणजे 12,000 तासांच्या सुमारास, पुस्तकात सव्वादहा लाख उरतात, बाजारही तेवढेच देईल.

आता खरी अडचण. उरलेले 4,800 तास 32 महिन्यांत संपतील. नवं मशीन तेव्हा 40 लाखांना धरा. जुन्याचे 10 वजा केले तरी 30 लाखांचा खड्डा. आजपासून महिन्याला 40 हजार आरडीत किंवा लिक्विड फंडात (अगदी अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा म्युच्युअल फंड) टाकलेत तर व्याजासह 14 लाखांच्या आसपास जमतील आणि कर्ज 16 लाखांवर येईल. मग चार वर्षांच्या कर्जाचा हप्ता 76 ऐवजी 40-41 हजार. हे पैसे शेअर बाजारात अजिबात नको, तीन वर्षं त्यासाठी फार कमी आहेत.

उरलेल्या 50 हजारांत घर चालवा. पावसाळ्यात काम निम्म्यावर येतं, त्याची वेगळी शिल्लक ठेवा. त्यानंतर पाच-सात हजारांची एसआयपी खुशाल करा, 30 ची झेपणार नाही.

पॉलिसीचं मात्र पटत नाही. 30 लाख भरून 15 वर्षांनी 52 लाख म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्क्यांच्या वर. एका मशीनवर पोट असलेल्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणाऱ्या एजंटाने मशीनचं वय विचारायलाच हवं होतं. घरच्यांसाठी विमा हवा असेल तर साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा विमा.

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन प्रीमियम परत मिळतो. तारीख आजच तपासा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. एजंट म्हणेल, "पुढच्या आठवड्यात बघू." थांबू नका.