पृथ्वीच्या पोटात कुणी गेलेलं नाही, मग आत काय आहे ते कसं कळलं?

तुमचा प्रश्न असा: माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक जेमतेम १२ किलोमीटरचं, मग ५,००० किलोमीटर खाली घट्ट लोखंड आहे हे शास्त्रज्ञ कशाच्या जोरावर सांगतात? मी सातारा जिल्ह्यात भूशास्त्र शिकवतो. वर्गात कुणी हे विचारलं की मला फार बरं वाटतं, कारण शंका अगदी रास्त आहे.

ते भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. १९७० मध्ये खोदाई सुरू झाली आणि १९८९ मध्ये ती १२,२६२ मीटरपर्यंत पोचली. तळाशी १८० अंश सेल्सिअस तापमान होतं, अपेक्षेपेक्षा पुष्कळच जास्त. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. तेव्हा खोदून गाभ्यापर्यंत जाता येणार नाही, हे उघड आहे.

पण बाजारात मडकं घेताना आपण ते फोडून बघत नाही, वाजवून बघतो. पृथ्वीला वाजवण्याचं काम भूकंप करतात. मोठ्या भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात आणि दुसऱ्या टोकाच्या भूकंपमापकावर उमटतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदी तपासल्या आणि त्यांत वेगवेगळ्या जातीच्या लहरी ओळखल्या. आधी पोचतात त्या 'पी' लहरी. मागून येतात त्या 'एस' लहरी, आणि त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. पुढे १९०६ मध्ये त्यांनी दाखवलं की फार खोलवरून येणाऱ्या लहरींना वाजवीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे आत वेगळ्याच पदार्थाचा गाभा असला पाहिजे. सुमारे २,९०० किलोमीटरच्या खाली 'एस' लहरी थेट नाहीशा होतात. बाहेरचा गाभा द्रव आहे, याचा हा सर्वांत बोलका पुरावा.

मला सर्वांत थक्क करतं ते इंगे लेमन या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंचं काम. गाभ्यामुळे 'पी' लहरी वाकतात आणि पृष्ठभागावर एक पट्टा सावलीत राहतो, तिथे त्या पोचायला नकोत. १९२९ मध्ये न्यूझीलंडला भूकंप झाला तेव्हा त्या सावलीतही क्षीण लहरी आल्या होत्या. यंत्राची चूक म्हणून सोडून देणं सोपं होतं. त्यांनी सोडलं नाही. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि या लहरी त्याच्यावरून परतून येतात. तोच आजचा घन अंतर्गाभा.

तो लोखंडाचा कशावरून? वजनावरून. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट आहे, आपला सह्याद्रीचा काळा दगड मात्र तिपटीच्या आसपास. वर हलकं असेल तर आत फार जड काहीतरी हवंच. त्या घनतेला आणि लहरींच्या वेगाला लोखंड-निकेल जुळतं, आणि उल्कांमध्येही तेच सापडतं.

आत काय आहे ते झालं, आता आपल्या पायाखालच्या खडकांचा इतिहास कसा कळतो ते बघू. कोयना परिसरात, १९६७ च्या भूकंपाच्या भागात, धरणालगत भूकंप का होतात हे समजून घेण्यासाठी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं आहे. सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाचे थर लागले, आणि त्यांच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक. मधे गाळाचा थरच नाही! म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तो उघड्या खडकावर.

लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. दख्खनच्या दगडांतली ही दिशा १९५० च्या दशकात मोजली गेली. हे थर थिजले तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असं त्यातून निघालं. शिवाय घाटातल्या कित्येक थरांत ही दिशा आजच्या उलट आहे. त्या काळी पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं, आणि ते तयार होतं त्याच द्रव गाभ्यात. महाबळेश्वरला जाताना रस्त्याकडेला जे काळे कडे दिसतात, ते याच थरांचे.