सेकंडहँड दुर्बीण घेताना आधी स्टँड हलवून पाहा

भाऊ, तू विचारलं की नागपूरला एक जण 114 एमएम आरशाची, 1000 एमएम फोकल लेंथची (आरशापासून चित्र तयार होते तिथवरचं अंतर) दुर्बीण ईक्यू स्टँडसकट (ध्रुवाकडे रोखून आकाशासोबत फिरवायचा स्टँड) 14 हजाराला देऊन राहिला, तुझ्याजवळ कॅनन 1100डी कॅमेरा आहे, देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ यांचे फोटो काढायचे आहेत, तर घेऊ का. माझं सरळ मत, घाई नको करू.

पहिले विचार नळी किती लांब आहे. फोकल लेंथ 1000 आणि नळी अर्ध्या मीटरची असली तर समज की फोकसरच्या (चित्र स्पष्ट करायला आतबाहेर सरकणारा भाग) आत जास्तीची लेन्स बसवून आकडा वाढवलेला आहे. चंद्र पाहायला चालून जाते, पण कॅमेऱ्यात कडेचे तारे फाकलेले येतात. मी अशीच घेतली होती, विकणारा म्हणाला फोटो मस्त निघतात, घरी आणून कॅमेरा लावला तर प्लास्टिकचा फोकसर वजनानं खाली झुकला. दोन हिवाळे वाया गेले त्यात, म्हणून एवढं लिहून राहिलो. आणि देवयानी आकाशात जवळपास तीन अंश पसरलेली आहे, 1000 एमएमवर तुझ्या कॅमेऱ्यात आडवं सव्वा अंशच मावते, म्हणजे नुसता मधला गाभा येईल.

खरा खेळ स्टँडचा आहे, म्हणजे माउंटचा. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला 15 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकते, 650 एमएम फोकल लेंथच्या नळीवरही तुझ्या कॅमेऱ्यात मृगातला तारा एका सेकंदात नऊ पिक्सेल पुढे जातो. नळी कितीही चांगली असली अन् माउंट त्याच चालीनं फिरला नाही तर ताऱ्याची रेघच येणार. म्हणून पैसे माउंटवर घाल, निदान ईक्यू5 या मॉडेलच्या ताकदीचा, मोटर असलेला पाहा. डॉब्सोनियन (नुसती वरखाली अन् आडवी फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची दुर्बीण) कितीही स्वस्त भेटली तरी या कामाला नको.

पाहायला जाशील तेव्हा माउंटचे दोन्ही क्लच (फिरणं घट्ट करायचे खटके) आवळून काउंटरवेटचा (तोल सांभाळायच्या वजनाचा) दांडा हातात धर आणि हळू मागेपुढे कर, खटखट वाजून ढिलं लागलं तर गिअर झिजलेले किंवा सेटिंग बिघडलेली आहे. मोटर दहा मिनिटं चालवून आवाज ऐक. मग माउंटवरची अंशांची पट्टी 21 वर आण, कारण आपल्या इकडे ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो, आणि वजन लावून दांडा फिरव. काही माउंटचं वजन एवढ्या खालच्या कोनावर स्टँडच्या पायाला अडकतं, घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

आरशाची नळी घेणार असशील तर आपला कॅमेरा आणि टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडायची कडी) सोबत ने, दिवसाच दूरच्या मोबाईल टॉवरवर लाव. फोकसर पूर्ण आत गेला तरी टॉवर धूसरच असला तर ताऱ्यावर कधीच फोकस होणार नाही, तारा तर त्याहून आत मागतो. आरशावरची धूळ चालते, घाबरू नको, पण कडेनं काळे डाग म्हणजे कोटिंग गेलं. लेन्सवाली असली तर एका बाजूनं टॉर्च मारून दुसरीकडून पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी आहे, आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाते.

माझं ऐकशील तर आधी मोटरवाला माउंट घे, त्यावर सध्या कॅमेरा आणि जुनी 135 ची लेन्स लाव, देवयानी पूर्ण मावते. नळी पुढच्या वर्षी. वावरात वीज नसली तरी चालते, मी फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी वापरतो, फक्त मोटर किती व्होल्टची ते आधी वाच, काही सहाच्याच असतात, जळून जाईल. जागलीला जातो तेव्हा तुरीच्या धुऱ्यावर ध्रुव दिसावा म्हणून उत्तर दिशा मोकळी पाहून लावतो, डिसेंबरात हरभऱ्यावर दव पडतं तेच लेन्सवरही बसतं, म्हणून तिच्याभोवती योगा मॅटचा तुकडा गुंडाळून पुढे चार बोटं काढतो.

त्या नागपूरवाल्याला स्टँड कोणता आहे अन् मोटर आहे का ते विचार. वेगळा देत असला तर खालच्या गिअरचा आणि पट्टीचा फोटो इथं टाक, मी पाहून सांगतो.