पुढचं पान झाकून वाच

प्रिय पोरी,

तुझा ड्राफ्ट वाचला आणि त्याखालचा लांबलचक मेसेजही. चार्ल्स जेम्स फॉक्स, अठराव्या शतकातला इंग्लंडचा राजकारणी, तुझ्याकडे एका चॅप्टरमध्ये जुगारी, दुसऱ्यात जनतेचा कैवारी, तिसऱ्यात संधीसाधू आणि शेवटच्यात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभा राहिलेला थोर माणूस, असं झालंय, आणि गाईड म्हणतायत की एकच काहीतरी भूमिका घे, आणि तुला ती घेताच येत नाहीये. वाचन तू भरपूर केलंयस, त्याबद्दल बोलत बसत नाही. गोंधळ कुठून आला ते सांगतो. तू त्याचं आयुष्य शेवटाकडून वाचलंयस. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा 1806 चा ठराव तुला पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि तो तू 1768 मधल्या एकोणीस वर्षांच्या पोरात शोधत बसलीस. सापडेल कसा? तिथे तो नाहीच आहे.

पुढचं पान झाकून वाच. मी वर्गात हे इतक्या वेळा म्हणायचो की मुलं वैतागायची, पण याच्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही द्यायला नाही आणि याहून मोठं काही मला सापडलेलंही नाही.

बघ, 1768 घे. बाप हेन्री फॉक्स, म्हणजे लॉर्ड हॉलंड, सैन्याच्या पगाराचा खजिना सांभाळायचा. सरकारी पैसा वर्षानुवर्षं हातात, तो गुंतवायचा आणि नफा आपला. त्या काळी कायद्यात बसायचं ते, पण लोकांच्या डोळ्यात इतकं खुपलं होतं की 1769 मध्ये लंडन शहराच्या अर्जात त्याला जनतेचे लाखो पौंड हिशेब न देता दाबून बसलेला म्हणून लिहिलं. आई कॅरोलाइन लेनॉक्स, ड्यूक ऑफ रिचमंडची मुलगी, दुसऱ्या चार्ल्स राजाची पणती, 1744 मध्ये घरच्यांच्या विरोधात जाऊन तिने लग्न केलं. असल्या घरातला लाडावलेला पोरगा, बापाने आणि काकाने मिडहर्स्टची सीट पैसे टाकून घेतलेली, कायद्याने एकवीस वर्षं लागतात आणि हा एकोणीसचा असताना खासदार. हा विल्क्सविरुद्ध, म्हणजे सरकारवर तुटून पडणाऱ्या लोकप्रिय पुढाऱ्याविरुद्ध बोलतो, 1771 मध्ये संसदेची भाषणं छापणाऱ्या छपाईवाल्यांविरुद्ध बोलतो. तू लिहिलंयस, "येथे फॉक्सच्या विचारांतील विसंगती दिसते." कसली विसंगती? कशाशी विसंगत? पुढच्या दहा वर्षांत तो जे म्हणणार आहे त्याच्याशी? ते त्याला माहीत नव्हतं गं! त्याला एवढंच दिसत होतं की बाहेर जे लोक ओरडतायत ते आपल्या बापाच्या नावाने बोटं मोडणारे लोक आहेत. आणि 1772 मध्ये राजघराण्यातल्या लग्नांवर बंधनं घालणारा कायदा आला तेव्हा हाच पोरगा नौदल खात्यातली नोकरी सोडून त्याच्याविरुद्ध उभा राहिला. आईबापाचं लग्न आठव म्हणजे कळेल. तोपर्यंत तो फक्त मुलगा आहे, घराची बाजू घेऊन भांडणारा. राजकारणी पुरुष वगैरे अजून व्हायचाय.

जुगारावर तू सात पानं खर्च केलीस, मी दोनवर आणीन. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला बापाने स्पा नावाच्या, आजच्या बेल्जियममधल्या गावी नेऊन जुगार खेळायला पैसे दिले, 1774 पर्यंत कर्ज एक लाख पौंडांच्या वर गेलं आणि ते बापाने भरलं, आणि त्याच जुलैत बाप गेला, त्याच महिन्यात आई गेली, वर्ष संपायच्या आत थोरला भाऊ गेला. हे तीन मृत्यू तुझ्या ड्राफ्टमध्ये तळटीपेत आहेत! घड्याळ फोडण्याचा किस्सा मात्र मुख्य मजकुरात, म्हणजे पोराला घड्याळ फोडायचंय म्हटल्यावर बाप म्हणाला फोड. असले किस्से छापायला हरकत नाही, पण प्रत्येकाला विचार की तू सांगितला गेलास कधी, फॉक्स जुगारी म्हणून गावभर झाल्यावर का आधी.

आता तुझी खरी अडचण, 1783. लॉर्ड नॉर्थशी युती. अमेरिकेच्या युद्धात पंतप्रधान असलेल्या ज्या माणसाला सात-आठ वर्षं उभा-आडवा झोडला, त्याच्याच मांडीला मांडी लावून बसला. इथे तू थेट 'संधीसाधू' शब्द टाकलास आणि सुटका करून घेतलीस. मला राग आला वाचून, खरं सांगतो. रागावण्याइतकं तुझं लिखाण चांगलं आहे म्हणून आला. अगं, फेब्रुवारी 1783 मध्ये उभी राहून बघ ना. जुलै 1782 मध्ये रॉकिंगहॅम, म्हणजे पंतप्रधान आणि फॉक्सच्या पक्षाचा नेता, वारला, राजाने पक्षाला न विचारता शेलबर्नला पंतप्रधान केलं, फॉक्सने परराष्ट्रमंत्रिपद सोडलं. त्याच्या डोळ्यासमोर एकच प्रश्न होता, पंतप्रधान कोण ते राजा ठरवणार का संसद. सभागृहात तीन गट, कुठल्याच गटाला एकट्याने बहुमत नाही. 18 फेब्रुवारीला अमेरिकेचं युद्ध मिटवणाऱ्या तहावर मतदान झालं, 224 विरुद्ध 208, शेलबर्न पडायला लागला. सोळा मतं. आपल्याला माहितीये की याच युतीने पुढे त्याचं नाव काळं केलं आणि त्याचा प्रतिस्पर्धी धाकटा पिट, त्याला सतरा-अठरा वर्षं सलग सत्ता मिळाली. त्याला ती सोळा मतं दिसत होती, बास. चूक होती का? असेल. पण चूक कशी घडली ते त्या दिवशी त्याला जेवढं दिसत होतं तेवढ्यातूनच कळेल.

आणि मग ईस्ट इंडिया बिल. इथे मी तुला थांबवणार, कारण मराठीत लिहिणारीने हे दीड पानात उरकलेलं मला चालणार नाही. 18 नोव्हेंबर 1783 ला फॉक्सने बिल मांडलं. कंपनीच्या डायरेक्टरांकडून कारभार काढून सात कमिशनरांकडे द्यायचा, नेमणार संसद, चार वर्षं हलवायचे नाहीत. ते सातही जण फॉक्स-नॉर्थच्या बाजूचे, आणि हिंदुस्थानातल्या नेमणुका म्हणजे केवढं मोठं घबाड, त्यामुळे लोक खवळले. सेयर्स नावाच्या चित्रकाराने त्याच डिसेंबरात व्यंगचित्र काढलं, 'कार्लो खान', त्यात फॉक्स मोगल थाटात हत्तीवर बसून लेडनहॉल स्ट्रीटला कंपनीच्या दारात चाललाय आणि हत्तीला तोंड लॉर्ड नॉर्थचं. ते चित्र मोठं करून बघ, माणसं युतीवर कशी चिडली होती ते कुठल्याही भाषणापेक्षा तिथे लवकर कळतं.

पण बिल आलं कशामुळे? तुझ्या ड्राफ्टमध्ये आपला इकडचा भाग गायबच आहे. 1779 चा वडगावचा इंग्रजांचा पराभव, 1782 चा सालबाईचा तह, कंपनीने राघोबादादांचा पक्ष घेऊन पुण्याशी केलेलं युद्ध, या सगळ्याचा पैसा आणि बदनामी लंडनच्या टेबलावर येऊन पडली होती. राघोबादादांचे वकील, म्हणजे दूत, 1781 मध्ये लंडनला गेले होते, हनुमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर पारशी. त्यांचे हाल बघून एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. बर्क म्हणजे या बिलामागचं डोकं, फॉक्सचा जिवाभावाचा मित्र. एक पेशव्यांच्या घरातला वकील इंग्लंडात काचघरात चूल मांडतो आणि ते ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो माणूस दोन वर्षांनी हे बिल घडवतो. हे नसेल तर तुझा चॅप्टर कुठल्याही इंग्रजी पुस्तकातून उचलल्यासारखा वाटेल. आणि तारखा शेजारी शेजारी ठेव, 8 डिसेंबरला बिल कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, 208 विरुद्ध 102 ने पास झालं, 11 डिसेंबरला राघोबादादा कोपरगावला वारले. लंडनला ती बातमी जहाजाने पोचेपर्यंत महिने गेले. म्हणजे तिकडे जे बोलत होते ते महिन्यांपूर्वीच्या हिंदुस्थानाबद्दल बोलत होते. पान नुसतं झाकलेलं नव्हतं, ते समुद्रात होतं.

मग राजाने लॉर्ड टेम्पलच्या हाती निरोप फिरवला की जो या बिलाला मत देईल त्याला मी शत्रू समजेन. 17 डिसेंबरला लॉर्ड्सने, म्हणजे वरच्या सभागृहाने, 95 विरुद्ध 76 ने बिल पाडलं, पुढच्या रात्री मंत्रिमंडळ बरखास्त, पिट चोवीस वर्षांचा पंतप्रधान. मार्चपर्यंत फॉक्सचं बहुमत घसरत घसरत एका मतावर आलं. आपण म्हणतो फॉक्स मूर्ख, आधीच निवडणूक घ्यायला लावायची होती. जानेवारी 1784 मध्ये ज्याच्या बाजूला सभागृह आहे त्याला असं का वाटावं? वेस्टमिन्स्टरची निवडणूक, डचेस ऑफ डेव्हनशायर आणि तिने फॉक्सला मतं मिळवायला चुंबनं दिल्याची ती गोष्ट, हे सगळं तू छान लिहिलंयस, हात लावू नकोस.

6 मे 1791 च्या रात्रीला मात्र हात लाव. फ्रेंच राज्यक्रांतीवरून बर्क भर सभागृहात फॉक्सशी तुटला. फॉक्स पुढे झुकून हळू आवाजात म्हणाला की मैत्रीला काही झालं नाही, बर्क म्हणाला की झालं, आपली मैत्री संपली. फॉक्स उत्तर द्यायला उठला आणि रडायला लागला, बराच वेळ बोलता येईना. तू पुढे लगेच लिहितेस, "परंतु पॅरिसमधील दहशतीने बर्कचे म्हणणे खरे ठरवले." अगं 1793 अजून यायचंय! मे 1791 मध्ये फ्रान्सचा राजा जिवंत आहे, गिलोटिन सुरूही झालेलं नाही. त्या रात्री रडणाऱ्या माणसाला तू दोन वर्षांनंतरचं प्रेत दाखवून गप्प करतेस. हा अन्याय आहे, आणि मेलेल्या माणसावरचा अन्याय जास्त वाईट कारण तो उत्तर द्यायला उठू शकत नाही.

1797 ला तू पळपुटेपणा म्हणतेस. त्याच्या पक्षातल्या ग्रेचा संसदेच्या सुधारणांचा ठराव 256 विरुद्ध 91 ने पडला आणि फॉक्सने सभागृहात जाणं जवळजवळ सोडलं, सेंट ॲन्स हिलला, आपल्या घरी, बागेत जाऊन बसला, ग्रीक वाचत. तुला हा कंटाळा आलेला माणूस वाटतो. मला वाटतं तेरा वर्षं रोज हरणारा माणूस काही काळ घरी बसला तर बसू दे. मी या बाबतीत हळवा आहे ते मान्य, त्याचं कारण सांगतो.

मी फॉक्सवर मराठीत पुस्तक लिहिलं होतं हे तुला माहीत नसेल. एका प्रकाशकाने घ्यायचं कबूल केलं होतं, मग म्हणाले सर, सुरुवात 1806 पासून करा, 10 जूनचा ठराव, 114 विरुद्ध 15, गुलामांचा व्यापार बंद करा म्हणून आजारी फॉक्सचं भाषण, मी चाळीसेक वर्षांत एवढं एकच केलं तरी पुरे असं तो म्हणतो ते वाक्य, आणि मग मागे जाऊन जुगारी पोरगा दाखवा, वाचक खिळून राहील. मी नाही म्हटलं. ते म्हणाले एक चॅप्टर हलवायचाय फक्त. मी परत नाही म्हटलं. कारण तो चॅप्टर पुढे आणला की मागचं प्रत्येक पान त्याच्याकडे बघायला लागतं, जुगार म्हणजे थोरपणाची तयारी होते, युती म्हणजे पाय घसरणं होतं, आणि अडतीस वर्षं संसदेत आणि त्यातलं जेमतेम दीड वर्ष परराष्ट्रमंत्री म्हणून काढलेला माणूस नुसता एका मतदानाची वाट बघणारा होऊन जातो. तो कशाचीच वाट बघत नव्हता. जानेवारी 1806 मध्ये पिट मेला नसता तर हा मंत्रीही झाला नसता! बाड कपाटात आहे. मराठी वाचकाला फॉक्स मिळाला नाही याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं, घरचे म्हणतात हट्टापायी घालवलंस, म्हणोत. हलवलेलं पुस्तक आलं असतं तर तुझ्यासारख्या मुलीने तेच वाचून हाच गोंधळ घातला असता.

त्यामुळे गाईडना सांग की भूमिका आहे, क्रम हीच भूमिका आहे. ते ऐकत नसतील तर मला फोन करायला सांग, मी बोलेन. 1806 चा चॅप्टर लहान ठेव. जूनमध्ये ठराव, 13 सप्टेंबरला चिझिक हाऊसमध्ये मृत्यू, कायदा मार्च 1807 चा, तो त्याने पाहिला नाही, तेव्हा त्याच्या चरित्रात कायद्यावर दोन ओळींच्या वर जाऊ नकोस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, एलिझाबेथ आर्मिस्टेडशी, म्हणजे फॉक्सबरोबर आधीपासून राहणाऱ्या बाईशी, त्याचं लग्न कुठे घालायचं. लग्न झालं 28 सप्टेंबर 1795 ला, गुपचूप, आणि जगाला सांगितलं 1802 मध्ये, पॅरिसला जायच्या वेळी. तू 1795 मध्ये घातलंयस आणि पुढची सात वर्षं सगळे तिला मिसेस फॉक्स समजतायत असं लिहीत गेलीस. फॉक्सच्या घरातल्या पानांवर 1795 पासून ती बायको. पण दुसऱ्या कोणाचं पत्र किंवा डायरी उद्धृत केलीस की त्या माणसाला 1802 पर्यंत ते माहीत नाही हे लक्षात ठेवून वाक्य बांध. ती पानं दुरुस्त कर आणि 1782 ते 84 चा चॅप्टर नव्याने लिहून आधी तोच पाठव, बाकीचं नंतर बघू.

तुझा,
सर