मास्तरांच्या नावाचं पटांगण

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या गावात शाळेच्या मागे मोठं मोकळं पटांगण आहे, सकाळी पोरंपोरी तिथे भरतीचा सराव करतात, जत्रेला कुस्त्या होतात. गावातले एक जुने मास्तर मागच्या वर्षी गेले, अर्ध्या गावाला त्यांनीच लिहायला शिकवलं. त्यांचं स्मारक करायचं ठरलंय. काही जण म्हणतात मधोमध चौथरा बांधून अर्धपुतळा बसवू, काही म्हणतात नुसतं पटांगणाला नाव देऊ. माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते, ती म्हणते तिकडे गावातली अख्खी हिरवळच राखून ठेवतात, कुणाला बांधकाम करता येत नाही. हे खरं आहे का आणि आपल्याकडे जमेल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, मुलगी म्हणते ते खरं आहे. त्याला व्हिलेज ग्रीन म्हणतात. 2006 च्या कॉमन्स अ‍ॅक्टनुसार गावातले लोक एखाद्या जागेवर निदान 20 वर्षं कुणाची परवानगी न मागता, उघडपणे खेळत-फिरत आले असतील तर ती जागा ग्रीन म्हणून रजिस्टर करता येते, आणि मालकाला वाटलं तर तो स्वतःहूनही आपली जमीन अशी नोंदवून देऊ शकतो. एकदा नोंद झाली की कुंपण घालणं, अतिक्रमण करणं हा गुन्हा, आणि त्याचे कायदे तर 1857 आणि 1876 सालचे आहेत.

नॉर्थ यॉर्कशायरमधल्या ग्रेट एटन गावाचं उदाहरण मला फार आवडतं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापर्यंत जहाज नेणारा इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक लहानपणी तिथे राहिला, वडील शेतावर कामाला होते आणि वडिलांच्या मालकाने त्याच्या शाळेचा खर्च केला. (कुकबद्दल ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं मत फार वेगळं आहे आणि त्याला कारणं आहेत, पण आत्ता मी फक्त गावाबद्दल बोलतेय.) त्याच्या आईवडिलांचं घर 800 पौंडांना विकलं गेलं, वीट न् वीट सुटी करून 253 खोकी आणि 40 पिंपांत भरून बोटीने मेलबर्नला गेलं आणि 1934 मध्ये तिथल्या बागेत पुन्हा उभं राहिलं. आपली टूरवाली मंडळी आज तिथे फोटो काढतात. एटनमध्ये घराच्या जागी ऑस्ट्रेलियातल्या दगडाचा एक स्तंभ आहे. पण गावाची हाय ग्रीन मात्र जागच्या जागी राहिली, 1997 मध्ये तिथे पुतळा बसवला तोही नावाजलेल्या कॅप्टनचा नाही, गावात वाढलेल्या कोवळ्या पोराचा. गावाला जो आठवतो तोच.

आता तुमचं. मी स्पष्टच सांगते, मधोमध काही बांधू नका. आमच्या गावात मी लहान असताना हेच झालं, पहिल्या वर्षी चौथरा, मग गुरं येतात म्हणून रेलिंग, मग ऊन लागतं म्हणून शेड, आणि शेवटी गेटला कुलूप, किल्ली एकाच्या घरी. कुस्त्यांचा फड दुसऱ्याच्या शेतात गेला आणि आम्ही पोरं रस्त्यावर खेळायला लागलो. जयंतीला हार पडायचा तेवढाच. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

आधी सातबारा काढा आणि जागा कुणाच्या नावे आहे ते बघा. सरकारी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22 खाली कलेक्टर ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतात आणि मग त्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही, म्हणजे इंग्लंडच्या ग्रीनच्या बरंच जवळ जाणारी सोय आपल्याकडेही आहे, फक्त कुणी मागायला जात नाही. खाजगी असेल आणि मालक द्यायला तयार असेल तर तोंडी शब्दावर राहू नका, ग्रामपंचायतीच्या नावे रजिस्टर बक्षीसपत्र करून घ्या आणि त्यात ‘खेळासाठी खुलं पटांगण’ हे शब्द घाला. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात नाव आणि वापर दोन्ही लिहा. गावच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये जगपाल सिंग केसमध्ये सगळ्या राज्यांना बजावलंय, पुढे कुणी टपरी टाकली तर तो निकाल उपयोगी पडेल. आणि पुतळाच हवा असेल तर कलेक्टरची परवानगी लागते, ती न घेता बसवला तर मास्तरांच्याच नावाने नोटीस-पोलीस असं सगळं सुरू होईल, ते त्यांना आवडलं असतं का?

एका कोपऱ्यात झाडाखाली गुडघाभर उंचीचा दगड, त्यावर नाव, आणि पोरं बूट बांधायला बसतील असा कट्टा, माझ्या मते एवढं पुरे. पण त्याच्याही आधी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका, या उन्हाळ्यातच टाका, पाऊस पडून गवत वाढलं की हद्दीचे दगड सापडत नाहीत.